मायनर्स राइट खिशात, तरी रेंजरने ओढ्यावरून उठवलं. मग सोनं शोधायचं कुठे?

खडकफोड्या
मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, आधीच सांगतो लांबण लागणार आहे.
मी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात राहतो, तीन वर्षं झाली या सोन्याच्या नादाला लागून. मायनर्स राइट (सोनं शोधायचा सरकारी परवाना) रीतसर काढलेलं आहे, दहा वर्षांचं, फोनमधे पीडीएफ आणि पाकिटात प्रिंट. गेल्या शनिवारी गोल्डफील्ड्समधल्या (जुन्या सोन्याच्या खाणींचा पट्टा) एका ओढ्यावर (नाव देत नाही, उगाच पत्ता फुटायला नको) पॅन (खडी धुवून सोनं वेगळं करायची पसरट थाळी), छोटी कुदळ, एक बादली आणि आमचा कुत्रा एवढाच लवाजमा घेऊन बसलो होतो. मोटर नाही, पंप नाही, काही नाही. दीड तासात दोन कण मिळाले, म्हणजे भिंगातून बघितलं तर सोनं आणि नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर नखातला मळ, पण आनंद काय वर्णावा.
तेवढ्यात वरून गाडी आली, रेंजर उतरला, म्हणाला हे नॅशनल पार्क आहे, इथे प्रॉस्पेक्टिंग (खनिज शोधणं) चालत नाही आणि कुत्रा तर अजिबातच नाही. मी राइट दाखवलं. त्याने बघितलंसुद्धा नाही नीट, म्हणे हे इथे लागू नाही. मी म्हटलं सरकारनेच दिलंय ना, नावातच 'राइट' आहे! बाचाबाची झाली थोडी, खोटं कशाला बोलू, आवाज माझाच चढला. नाव पत्ता लिहून घेतला, तोंडी समज देऊन सोडलं. बायको गाडीत बसून सगळं बघत होती, ते वेगळंच.
आता मला सांगा, रस्त्याच्या पलीकडे दोन जण मेटल डिटेक्टर फिरवत होते त्यांना कुणी काही बोललं नाही. मग हा कागद काढायचा कशाला? आणि आता म्हणे अजून नवीन पार्क होणार, म्हणजे आपल्याला घरच्या कुंडीतली माती धुवायची का? सरकारी जमीन म्हणजे लोकांची जमीन ना?

आळशी कोल्हा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. दोन कण किती रुपयांचे, आय मीन किती डॉलरचे, ते पण सांगा आणि पेट्रोल किती गेलं तेही.

बेडरॉक
खडकफोड्या, तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. "रस्त्याच्या पलीकडे." तो कच्चा रस्ताच हद्द असणार. पलीकडे स्टेट फॉरेस्ट, अलीकडे पार्क. झाडं तीच, दगड तेच, कांगारू तेच, कायदा वेगळा. माझं पण पहिल्या वर्षी सेम झालेलं, फरक एवढाच की मी गपचूप पॅन उचललं.
मायनर्स राइटला 'राइट' म्हणतात म्हणून घोळ होतो. तो परवाना आहे, तिकीट नाही. म्हणजे हाताच्या अवजारांनी खनिज शोधायची मुभा आहे आणि जे सापडेल ते तुमचं, बास. कुठे शोधायचं ते जमीन कोणत्या प्रकारची त्यावर ठरतं. स्टेट फॉरेस्ट आणि साधी क्राउन लँड (सरकारी जमीन) सहसा चालते. खाजगी शेतात मालकाची परवानगी हवी. कुणाचं मायनिंग लायसन्स (खाण चालवायचं) असेल तर त्या धारकाची परवानगी हवी, पण नुसतं एक्सप्लोरेशन लायसन्स (फक्त शोध घ्यायचं) असेल तर चालतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि नकाशावर रंग दिसला की घाबरून परत येतात. नॅशनल पार्क आणि स्टेट पार्कमधे मुळात नाही, पण काही पार्कांत ठरवून दिलेले भाग खुले आहेत. ग्रेटर बेंडिगो नॅशनल पार्कचा काही भाग, चिल्टर्न माउंट पायलटचा काही, कॅसलमेन डिगिंग्ज हेरिटेज पार्कमधे तर बराच. रिजनल पार्कात साधारण चालतं, तिथे कुत्रापण चालतो बहुतेक ठिकाणी.
आणि नद्यांची यादी वेगळी! काही नद्या आणि ओढे मायनर्स राइटमधून वगळलेले आहेत. म्हणजे आजूबाजूचं जंगल खुलं असलं तरी पात्र बंद असू शकतं. तुम्ही पॅनिंगवाले, तुम्हाला हीच यादी आधी बघायला हवी.

निवांत
बेडरॉक +१. जिओव्हिक नावाचा सरकारी नकाशा आहे ऑनलाइन, त्यात पार्कांच्या हद्दी आणि लायसन्सचे लेयर चालू करता येतात. जरा किचकट आहे, पहिल्यांदा उघडला तर वाटतं विमान चालवायला बसवलंय. पण सवय होते. घरी असतानाच स्क्रीनशॉट काढून ठेवायचा, जंगलात रेंज कुठली असायला.

खडकफोड्या
ठीक आहे, हद्द चुकली असेल माझी, बघतो नकाशा. पण मूळ मुद्दा तोच राहतो की! पॅनने काय नुकसान होतं हो? पूर आला की नदी स्वतःच एका रात्रीत ट्रकभर खडी इकडची तिकडे करते. मी बादलीभर केली तर गुन्हा?

झारेकरी
आयडीवरून कळलं असेलच, मला हा विषय जवळचा. आपल्याकडे सोनाराच्या दुकानातली धूळ, राख धुवून त्यातून सोन्याचे कण काढणारे ते झारेकरी, तोच हा उद्योग, फक्त इथे भट्टीच्या जागी नदी आहे.
'राइट' शब्दावरून एक सांगतो, कारण तो शब्द फुकट नाही आलेला. १८५१ ला व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि लगेच सरकारने लायसन्स लावलं, महिन्याला ३० शिलिंग, सोनं सापडो न सापडो. पोलीस घोड्यावरून येऊन लायसन्स तपासायचे, नसलं तर धरायचे. लोक इतके पिचले की बॅलरॅटला खाणकऱ्यांचं युरेका स्टॉकेड बंड झालं, ३ डिसेंबर १८५४, पहाटेची चकमक, बरेच खाणकरी मेले. त्यानंतर १८५५ मधे ते लायसन्स गेलं आणि वर्षाला १ पौंडात मायनर्स राइट आलं, त्याच्याबरोबर मतदानाचा हक्कसुद्धा. म्हणून नाव राइट. तुमच्या पाकिटातला कागद त्याच कागदाचा पणतू आहे. तेव्हा रेंजरने तो न बघता परत दिला तर राग येणार, मला पण आला असता.
पण त्या १८५५ वाल्यांनी जे केलं तेही बघा. एका पिढीत सगळ्या टेकड्या उलथ्यापालथ्या. जा जा वुरुंग लोक, ज्यांची ही मूळ भूमी, ते या गोल्डफील्ड्सला 'उलटी झालेली भूमी' म्हणतात. खालचं वर, वरचं खाली. त्यामुळे "आम्ही तर फक्त बादलीभर" हे ऐकायला ते फार उत्सुक नसणार.

हिरवळ
मी विरुद्ध पार्टीतली आहे, दगड मारू नका, सापडला तर आधी सोनं आहे का बघा.
मी एका ओढ्याच्या काठावर झाडं लावायच्या ग्रुपमधे आहे, पाच वर्षं झाली. पॅनिंगवाले सगळे सारखे नाहीत हे मान्य. पात्रातली सुटी खडी घेऊन जागीच धुवून परत टाकणाऱ्याने काय बिघडतं, फारसं काही नाही. बिघडतं ते काठ खणणाऱ्यांमुळे. सोनं काठाच्या मातीखाली जुन्या खडीत असतं हे तुम्हा लोकांना माहीत असतं, मग पात्रातलं संपलं की काठ कोरायला सुरुवात. त्याच काठात प्लॅटिपस बीळ करतो. त्याच काठाला आम्ही लावलेली रोपं. एकदा मुळं उघडी पडली की पुढच्या पुरात काठ गेला, मग तुमचं ते "नदी स्वतःच खडी हलवते" खरं होतं, पण आमंत्रण तुम्ही दिलेलं असतं.
आणि डिटेक्टरचे खड्डे! एका रविवारी मी एका छोट्याशा पट्ट्यात एकोणीस उघडे खड्डे मोजले. एकोणीस. न बुजवलेले. त्यात काय सापडलं असेल तर खिळे आणि छर्रे.

खडकफोड्या
हिरवळ, खड्डे मी बुजवतो. दरवेळी. बाकीच्यांची उठाठेव माझ्या डोक्यावर का?

हिरवळ
कारण नियम करणाऱ्याला खड्डा दिसतो, खड्ड्यावर तुमचा आयडी लिहिलेला नसतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

पलीकडचा किनारा
कॅलिफोर्नियातून लिहितोय. तुमच्याकडे निदान एक कागद तरी आहे, आमच्याकडे सगळा खेळ जमीन कुणाची यावर. नॅशनल फॉरेस्ट आणि बीएलएमची (केंद्राचं जमीन खातं) फेडरल जमीन असेल तर १८७२ च्या मायनिंग कायद्यामुळे हाताने पॅनिंग बहुतेक ठिकाणी चालतं, पण तिथे दुसऱ्याचा क्लेम (त्या जागेतल्या खनिजावर नोंदवलेला हक्क) असला तर तुम्ही चोर. नॅशनल पार्कवाल्यांच्या जागांत जवळपास सगळीकडे बंद, व्हिस्कीटाउन हा गाजलेला अपवाद, तिथे परमिट काढून पॅनिंग करता येतं.
स्टेट पार्कवाल्यांच्या रिक्रिएशन एरियात नियम असा की अवजार म्हणजे फक्त पॅन. कुदळ नाही, स्लूस (खडी वाहत्या पाण्यात धुवायची पन्हळ) नाही. माणशी दिवसाला १५ पौंड माल. आणि सगळ्यात भारी नियम: तुमच्या धुण्याचं गढूळ पाणी २० फुटांच्या पलीकडे दिसता कामा नये. मला हा नियम मनापासून आवडतो, कारण त्यात मोजता येण्यासारखं काहीतरी आहे. रेंजर काठावर उभा राहून बघू शकतो, मी पण बघू शकतो, वाद नाही. खडकफोड्या, तुमच्या रेंजरकडे असं काही असतं तर भांडण झालंच नसतं.
कोलोमाला, जिथे २४ जानेवारी १८४८ ला मार्शलला तो पहिला तुकडा दिसला आणि सगळं वेड सुरू झालं, तिथल्या पार्कातसुद्धा नदीच्या एका बाजूलाच पॅनिंग करू देतात. जिथे शोध लागला तिथेच शोधायला अर्धी बंदी, मजा आहे.

टर्बो
पॅन वगैरे म्हातारपणी करायचे उद्योग आहेत. खरी मजा सक्शन ड्रेजमधे (पंपाने तळाची खडी ओढून घेणारं मशीन). आणि कॅलिफोर्नियाने ती २००९ मधे बंद केली, निव्वळ पर्यावरणवाल्यांच्या दबावाखाली. उलट ड्रेजवाले नदीतला पारा काढत होते फुकटात! १९ व्या शतकातल्या खाणवाल्यांनी टाकलेला पारा आम्ही साफ करायचा आणि शिव्या पण आम्हीच खायच्या.

बेडरॉक
टर्बो, अर्धं बरोबर आहे म्हणून जास्त धोकादायक आहे. माझं शिक्षण केमिकलमधलं, थोडं बोलतो.
कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरांत त्या काळी स्लूसमधे पारा ओतायचे, सोनं त्याला चिकटतं म्हणून. यूएसजीएसचा (अमेरिकेचं सरकारी भूगर्भ खातं) अंदाज आहे की नद्यांतल्या वाळूवरच्या खाणकामातून साधारण १ कोटी पौंड पारा वाया गेला, तो अजून गाळात बसलाय. २००५ मधे कॅलिफोर्नियाच्या वॉटर बोर्डाने ड्रेजची चाचणी घेतली होती, त्यात ड्रेजने ९८ टक्के पारा पकडला. ऐकायला झकास. पण उरलेला २ टक्के कसा बाहेर पडतो ते बघा: पंपात घुसळून पिठासारखा बारीक होऊन, पाण्यावर तरंगत खालच्या दिशेने. जो गोळा म्हणून खडकाच्या फटीत शंभर वर्षं गप्प पडला होता त्याचं पीठ करून तुम्ही पुढच्या दलदलीत पाठवलं, तिथे जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी (पाऱ्याचं जास्त विषारी रूप) करतात आणि ते माशात जातं. न हलवलेला पारा वाईट, पण हलवलेला जास्त वाईट. २०१६ मधे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने पण बंदी उचलून धरली, तेव्हा फेडरल कायद्याने क्लेम आहे म्हणून राज्याने काहीच बोलायचं नाही हा युक्तिवाद टिकला नाही.
पॅनमधे पंप नाही, घुसळण नाही. पॅनमधे पाऱ्याचा थेंब दिसला तर परत नदीत टाकायचा नाही, घट्ट झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवायचा आणि घातक कचरा घेतात तिथे द्यायचा. आणि पारा चिकटून सोनं पांढरट दिसतंय म्हणून घरी गॅसवर तापवायचा मूर्खपणा कुणी करू नका. वाफ जाते ती फुप्फुसात.

टर्बो
वाचलं. पटलं असं नाही, पण वाचलं.

आळशी कोल्हा
हे या धाग्यावरचं आतापर्यंतचं सगळ्यात मोठं सोनं आहे.

किवी काकू
न्यूझीलंडमधे सगळं सोनं सरकारचं, अगदी तुमच्या स्वतःच्या परसातलंसुद्धा. पण त्यांनी एक छान केलंय, हौशी लोकांसाठी ठरावीक जागा काढून दिल्यात, गॅब्रिएल्स गली, ॲरोटाउनची ॲरो नदी वगैरे. तिथे परमिटच लागत नाही. पॅन, फावडं, हाताचं स्लूस घेऊन जा, मोटर नको. नातवंडांना घेऊन जाते मी. सापडतं काय विचारू नका, पण मुलं चार तास फोन मागत नाहीत.
तोटा एवढाच की सगळे तिथेच. १८६१ पासून धुतलेली खडी आम्ही परत परत धुतोय.

झारेकरी
काकू, हाच तर प्रश्न आहे. "तुमच्यासाठी एक कोपरा राखलाय" हे ऐकायला गोड, पण कोपरा मिळाला की बाकीचं घर गेलं.
फिनलंडचं उदाहरण उलट बाजूने बघण्यासारखं आहे. लेमेनयोकी नॅशनल पार्कात मशीन लावून सोनं काढणारे होते, २०११ च्या खाणकायद्याने त्यांना मुदत दिली आणि २०२० च्या उन्हाळ्यात मशीनं बंद झाली. हाताने काम करणारे राहिले. म्हणजे पार्क आहे म्हणून माणूस बाहेर असं नाही केलं, मशीन बाहेर केलं. व्हिक्टोरियात राग याचा आहे की पार्क घोषित झालं की एक्स्कव्हेटर आणि भाजी चिरायच्या सुरीएवढी कुदळ एकाच वाक्यात बंद होतात.

खडकफोड्या
अगदी!!! हेच मला म्हणायचं होतं, चिडलो म्हणून नीट म्हणता आलं नाही.
आता नवीन पार्कांचं कुणी सांगेल का नीट, फेसबुकवर तर रोज जग बुडतंय.

निवांत
थोडक्यात. व्हिक्टोरियाच्या सेंट्रल वेस्ट भागातल्या जंगलांवर वीएकचा (पर्यावरणावर सरकारला सल्ला देणारी परिषद) रिपोर्ट २०१९ चा. २०२१ मधे सरकारने त्यातलं बरंच मान्य केलं, तीन नवीन नॅशनल पार्क ठरले, वॉम्बॅट लर्डरडर्ग, माउंट बुआंगोर आणि पिरेनीज. प्रॉस्पेक्टर्स अँड मायनर्स असोसिएशन तेव्हापासून लढतेय, शिकारी आणि फोर व्हील ड्राइव्हवालेपण. त्यात १ जानेवारी २०२४ पासून राज्याच्या जंगलातली व्यावसायिक लाकूडतोड बंद झाली, त्यामुळे "मोकळ्या झालेल्या जंगलांचं आता करायचं काय" हा प्रश्न अजून मोठा झाला, आणि सगळ्या बाजूंना भीती की पुढचा नंबर आपला.

हिरवळ
आणि २००२ विसरू नका. बॉक्स आयर्नबार्क नावाच्या निलगिरी जंगलांची पार्कं झाली तेव्हाही असाच गदारोळ होता. बेडरॉकने वर जी नावं दिली ना, बेंडिगो, चिल्टर्न, कॅसलमेन, ती सगळी त्याच वेळची. खुले भाग आहेत ते त्या भांडणातूनच आलेत. जे सभांना आले, लेखी हरकती दिल्या, नकाशावर बोट ठेवून "ही घळ आम्हाला हवी, ही नको" म्हणाले, त्यांना काहीतरी मिळालं. मी विरुद्ध पार्टीतली असून सांगतेय: 'पार्क नको' अशी सही केलेलं निवेदन कुणी वाचत नाही, घळीचं नाव असलेलं वाचतात.

खडकफोड्या
हिरवळ, तुम्ही खरंच विरुद्ध पार्टीत आहात ना?

हिरवळ
काठ कोरलेत तर हो.

नवखा
धागा छान चाललाय, पण मला अगदी बेसिक शंका, खड्डा बुजवायचा म्हणजे कसा? मी माती परत ढकलतो पण उंचवटा राहतो आणि दोन दिवसांनी खळगा.

बेडरॉक
चांगला प्रश्न, हसू नका कुणी. वरचा पालापाचोळा आधी एका बाजूला. मग गवत असेल तर वरचा थर अख्खा वडीसारखा कापून उचलायचा, मुळांसकट. खालची माती फडक्यावर किंवा डब्यात काढायची, इकडे तिकडे उधळायची नाही, नाहीतर परत भरताना कमी पडते म्हणून खळगा होतो. सिग्नल मिळाला की खड्ड्यावर परत एकदा डिटेक्टरची कॉइल फिरवा, खाली दुसरं असतं कधीकधी. माती थोडी थोडी टाकून पायाने दाबत जा, वरून वडी, वरून पाचोळा. दहा पावलं मागे जाऊन बघा, दिसला तर नापास. झाडाच्या बुंध्याशी सिग्नल आला तर सोडून द्यायचा, कितीही गोड वाजला तरी. झाडंझुडपं तोडायची नाहीतच, ती राइटची अटच आहे.
आणि जुन्या विटा, बाटल्या, झोपड्यांच्या चुलीचे अवशेष दिसले तर तिथे खणू नका. ७५ वर्षांहून जुन्या जागांना हेरिटेज कायदा लागतो, तो तुमचं मायनर्स राइट बघत नाही. जुन्या शाफ्टपासून (खाणीच्या उभ्या विहिरी) लांब राहा, काहींवर नुसता पालापाचोळा साचलेला असतो, खाली वीस मीटर हवा.

आळशी कोल्हा
मी हे सगळं वाचून ठरवलं की सोनाराकडून विकत घेणं सोपं आहे.

खडकफोड्या
अपडेट. रविवारी गेलो परत. आधी दोन रात्री जिओव्हिकवर घालवल्या, बायको म्हणाली एवढा अभ्यास बारावीला केला असतास तर. बेडरॉक म्हणाले तेच निघालं, कच्चा रस्ता हीच हद्द, मी हद्दीच्या आत जेमतेम चाळीस मीटर होतो. आणि खरं सांगायचं तर रस्त्याच्या तोंडाशी पाटी आहे, बाभळीच्या फांदीमागे. तीन वर्षांत दिसली नव्हती.
या वेळी पलीकडे बसलो, ओढ्याचं नाव वगळलेल्या यादीत नाही हे बघून. वळणाच्या आतल्या बाजूला एका मोठ्या धोंड्यामागची खडी घेतली, काठाला हात लावला नाही (हिरवळ, नोंद घ्या). पाणी किती लांब गढूळ जातं तेपण पावलांनी मोजलं, कॅलिफोर्नियाचा नियम आपला नाही तरी, सवय म्हणून. पंधरा पॅन धुतले. काळी वाळू भरपूर, पाच कण, त्यातला एक डोळ्यांनी दिसतो. शिवाय दोन खिळे, एक शिशाची गोळी, आणि कुणाच्या तरी बुटाची टाच.
रेंजरची गाडी गेली वरून. तोच होता. काच खाली केली, कुत्र्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, मान हलवली आणि गेला. मी हात केला, त्याने केला की नाही ते धुळीत दिसलं नाही.
पिरेनीजच्या बाजूला दोन घळी आहेत ज्या मला खुल्या भागांच्या यादीत हव्यात, नावं लिहून काढलीत. हरकतीचा मसुदा कुणी तपासून देईल का? इंग्रजी माझं चिडल्यावरच चांगलं येतं.

हिरवळ
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पण काठाचा परिच्छेद मी लिहिणार.